पायांवरची आंघोळ

परवा सकाळी भाजीवाल्या अम्माने गेटापाशी पोतं उपडं केलं, हिरव्या शेंगांचा ढीग झाला आणि तो वास जिन्यातून वर आला. अवरेकाई. आपल्या पावट्याची ही बंगळूरची बहीण. डिसेंबर लागला की दोन महिने सगळ्या शहरावर तिचं राज्य असतं. शेंगेच्या अंगावर तेलकट चिकटा असतो, साबण लावून हात धुतला तरी बोटांना वास राहतो. कानडीत त्या वासाला सोगडु म्हणतात, आणि इथली माणसं शेंगा घेण्याआधी मूठभर उचलून डोळे मिटून हुंगतात. या वासाने लोकांना भूक लागते. मला राग येतो.

सई, तुझी यादी त्याच दुपारी फोनवर आली. ‘आजी, खुर्चीत बसून बसून पाठ आखडलीय. यातला कुठला क्लास लावू? तू सांगशील तो.’ सात क्लास. तीन तऱ्हांचा योग, एक पिलाटेस, एक चिनी पद्धतीचा संथ व्यायाम, आणि दोन असे की त्यांची नावं मला उच्चारता येईनात. प्रत्येकापुढे रकाने: घरापासूनचं अंतर, वेळ, शिकवणाऱ्याची प्रमाणपत्रं, लोकांनी दिलेले तारे. इतकी नेटकी यादी पाहून मला कौतुक वाटायला हवं होतं. रकाने आखण्याची ही खोड तुला माझ्याकडूनच आली आहे. पण मी फोन पालथा ठेवला आणि शेंगा सोलायला बसले, आणि सोलता सोलता इतकी रागावले की दाणे वाटीबाहेर उडायला लागले.

कारण अशीच यादी मी एकदा केली होती. नव्वदच्या दशकात, अशाच अवरेकाईच्या दिवसांत, फूलस्केप कागदावर, पट्टीने रेघा मारून. म्हणून हे लिहिते आहे. ओंकार, तूही वाच. तू अगदी शेवटी येतोस, पण तुझ्याशिवाय ही गोष्ट संपत नाही.

तेव्हा आम्ही सरकारी कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. तुमचे आजोबा तिथे इंजिनियर होते. बंगळूरला तेव्हा पंखा नसलेली कितीतरी घरं होती, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. डिसेंबरात सकाळी सहाला धुकं इतकं असे की समोरच्या क्वार्टरचा फक्त दिवा दिसायचा, घर दिसायचं नाही. कानटोप्या घातलेली माणसं कारखान्याच्या बसकडे निघालेली असत; आधी खोकला ऐकू यायचा, मग माणूस दिसायचा. मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून नुकतीच घरी बसले होते. चौपन्न वर्षांची होते. आणि तुमची आई, माधुरी, जानेवारीत पहिल्या बाळंतपणाला येणार होती.

माझ्या मनात एकच गोष्ट होती. बाळाला मी न्हाऊ घालणार.

आता तुमच्याकडे बाळाला टबात घालतात. आपल्याकडे आजी न्हाणीत फरशीवर बसते, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेते, पाय समोर लांब सोडते आणि बाळाला नडग्यांवर निजवते. बाळाचं डोकं तिच्या पावलांकडे, पाय पोटाकडे. आधी तेल, मग साय आणि डाळीचं पीठ, मग कडत पाणी, मग उलटं करून पाठ. अर्धा-पाऊण तास. माधुरीला माझ्या सासूबाईंनी तसं न्हाऊ घातलं होतं. मी दारात टॉवेल घेऊन उभी असायची आणि ठरवायची, एक दिवस ही जागा माझी.

पण तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहून आणि खुर्चीत बसून वह्या तपासून माझ्या अंगाला ती बैठक येईना. त्या ऑक्टोबरात मी दार लावून परीक्षा घेतली. पाय लांब करून बसले आणि नडग्यांवर तीन किलो तांदळाची पिशवी ठेवली. पाठीची कमान झाली, गुडघ्यांमागच्या शिरा ताणल्या, एक हात भिंतीला टेकला. दोन मिनिटांत पिशवी घसरून फरशीवर पडली. आजोबा बाहेरून म्हणाले, “काय पडलं?”

मी म्हटलं, “तांदूळ.”

मग मी यादी केली. कॉलनीतला योगवर्ग, जयनगरात गाणी लावून उड्या मारायचा एरोबिक्सचा वर्ग, कब्बन पार्कात झाडाखाली हात हळूहळू फिरवणारा एक गट, आणि शेवटी मल्लेश्वरममधल्या सरोजम्मा. ही शेवटची ओळ पद्माक्कांनी सुचवली होती.

पद्माक्का आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. त्यांच्या घराण्याचं चिकपेटेत कापडाचं दुकान. पाच-सहा पिढ्या बंगळुरात गेलेल्या. घरात मराठी, पण ती मराठी ऐकून आमच्या महिला मंडळातल्या पुण्याच्या बायका पदराआड हसत. “पद्माक्कांचं मराठी म्हणजे पुरणपोळी सांबारात बुडवलेली,” असं एकीने म्हटलं होतं, आणि मीही हसले होते. ते हसू मला आजही बोचतं.

पद्माक्का म्हणाल्या होत्या, “वैनी, त्या सरोजम्मा नर्स होत्या वो आधी. घरच्याच हॉलात शिकवतात, दहा बायका फक्त. स्वल्प लांब आहे, बस बदलावी लागते. पण माझा खांदा त्यांनीच उघडला बघा.”

मी रकाने भरले. पदवी: नाही. जागा: घरचा हॉल. भाषा: कानडी. आणि लाल शाईने ती ओळ खोडली. पट्टी लावून खोडली, सरळ.

कॉलनीच्या वर्गापुढे सगळे रकाने भरलेले होते. अंतर चार मिनिटं, वेळ सकाळी सहा, प्रमाणपत्रं तीन. पण खरं सांगायचं तर मी तो वर्ग त्यासाठी निवडला नाही. शिकवणारे सरपोतदार सर आपले होते. परक्या मुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला हा एक रोग असतो. डॉक्टर आपला, शिंपी आपला, लग्न जमवणारा आपला. मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “आपला माणूस आहे, आपण नाही गेलो तर कोण जाणार?” आणि चौदा जणी गेलो. आपल्याला काय दुखतं, काय हवं, हे चौदा जणींतल्या एकीनेही दुसरीला विचारलं नाही.

सर सेवानिवृत्त होते, सडपातळ, पांढरा सदरा, हातात घड्याळ. कॉलनीच्या हॉलची थंड फरशी, तिच्यावर चिकपेटेतून आणलेल्या एकसारख्या सतरंज्या, ओळीत. सकाळी सहा वाजता इतकी स्वच्छ मराठी कानावर पडली की मला गहिवरून यायचं. दिवसभर कानडी, तमिळ, हिंदी आणि इंग्रजीच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसालाच ते कळेल. सर म्हणायचे, “शरीर आळशी असतं. शरीराला विचारायचं नसतं, शरीराला सांगायचं असतं.” मी घरी येऊन ते वाक्य वहीत लिहून घेतलं. खाली रेघही मारली. तीस वर्षं मुलांना शिस्त शिकवलेली बाई, तिला हे वाक्य पटणारच होतं. ती वही मी पुढे बंबात घातली. एवढ्या वर्षांत माझ्या हातून जळालेली ती एकमेव वही.

डिसेंबर अर्धा सरला होता. त्या दिवशी पाय लांब करून पुढे वाकायचं आसन होतं, माझ्या कामाचं, माझ्या बाळाच्या आंघोळीचं. माझं कपाळ गुडघ्यांपासून वीतभर वर राहायचं. सर मागून आले. मला त्यांची पावलं ऐकू आली, पण मी मान वळवली नाही, कारण मान वळवायची नसते. त्यांनी माझ्या कमरेवर गुडघा टेकला, दोन्ही हातांनी खांदे धरले आणि दाबलं. न विचारता. त्यांना ना माझं वय ठाऊक होतं, ना मी कशासाठी आले आहे ते. आत कुठेतरी ओलं फडकं पिळल्यासारखं झालं, आणि मग उजव्या पायातून विस्तवाची रेघ खाली गेली.

“बघा, टेकलं की नाही कपाळ!” सर सगळ्यांना म्हणाले. “मघाशी येत नव्हतं. बाई, कसं वाटतंय?”

तेरा बायका बघत होत्या.

मी म्हटलं, “ठीक आहे, सर.”

सई, ओंकार, तो माणूस मनाने चांगला होता, त्याचा हेतू वाईट नव्हता, असं लिहायची रीत आहे. मी ती पाळणार नाही. त्याचा हेतू काय होता ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. माझ्या पाठीवर गुडघा ठेवणाऱ्याने हेतू घरी ठेवला असता आणि तोंडाने एक प्रश्न विचारला असता, तर पुरलं असतं.

पण अधिक राग येतो तो दुसऱ्याच बाईचा. ती बाई दुसऱ्या दिवशी परत गेली. पायाला मुंग्या, कंबर वाकडी, तरी पावणेसहाला सतरंजी काखेत मारून धुक्यातून चालत गेली. कारण हजेरीपटावर तिच्या नावापुढे एकही रिकामी चौकट नव्हती. अशी ती नऊ दिवस गेली. शाळेत वर्षानुवर्षं मी मुलींना सांगायची, प्रश्न पडला तर हात वर करा. माझा हात एकदाही वर गेला नाही.

दहाव्या दिवशी मला पलंगावरून उठता आलं नाही.

डॉक्टरांनी पलंगाची गादी काढायला लावली आणि फळीवर झोपवलं. सहा आठवडे. वाकायचं नाही, उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. ‘उचलायचं नाही’ म्हणताना त्यांनी बादलीचं उदाहरण दिलं. मी मनात दुसरंच मोजत होते. सहा आठवडे म्हणजे फेब्रुवारी.

मंडळातल्या बायका भेटायला आल्या. संत्री आणली. एक म्हणाली, “सरांच्या हातून असं व्हायचं नाही हो. तुम्हीच काहीतरी घाई केली असणार.” दुसरी म्हणाली, “वयही झालंच ना आता.” मग सर स्वतः आले, खुर्चीत ताठ बसले, चहा घेतला आणि म्हणाले, “तुम्ही श्वास रोखला असणार. श्वास रोखला की असं होतं.” मी छताकडे बघत होते. आडव्या माणसाला भांडता येत नाही. आवाजाला जोरच मिळत नाही. ते गेल्यावर मी तुमच्या आजोबांना म्हटलं, “तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? रोज तोंड बघायचं आहे त्याचं. आपला माणूस आहे, उगाच बोभाटा नको.”

“आणि मी कुणाची?”

ते उठले आणि माझ्या पाण्याचा तांब्या भरून आणला. हे त्यांचं उत्तर. आजोबा आता नाहीत, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, हे मला समजतं. तरी मी कधीकधी तांब्या भरताना रागावते.

जानेवारीत माधुरी आली. आठवा सरलेला, पाय सुजलेले, आणि आल्या आल्या तिने आईला चहा करून दिला. आईने मुलीला द्यायचा तो चहा. मी तो आडवी पडून बशीतून प्याले, थोडा उशीवर सांडला.

त्या दिवसांत रोज दुपारी येणारं माणूस एकच. पद्माक्का भिजवलेल्या अवरेकाईच्या दाण्यांचं पातेलं घेऊन यायच्या आणि माझ्या फळीशेजारी बसून दाणा चिमटीत दाबून साल सोडवायच्या, आपण डाळिंब्या सोलतो तशा. टप्, टप्. गुळगुळीत दाणा वाटीत, साल कागदावर. खोलीभर तो वास. त्यांनी माझी विचारपूस केली, पण उपदेश केला नाही. एक दिवस मी उगाच म्हटलं, “मी तुमच्या सरोजम्मांची ओळ खोडली होती हो.”

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “तुमच्या टेबलावर कागद होता की. लाल रेघ दिसली.”

“मग बोलला नाहीत?”

“काय बोलू? तुमची यादी, तुमची शाई.” टप्. “आता तरी याल का?”

“आता काय उपयोग? बाळ तर फेब्रुवारीत येईल.”

“अय्यो, बाळ काय एकाच वर्षी होतात का वो जगात?”

मला हसू आलं आणि हसल्यामुळे कमरेत कळ आली. मी ओरडले. बऱ्याच दिवसांनी मोठ्याने ओरडले, आणि बरं वाटलं.

सई, तू फेब्रुवारीत आलीस. तुला लक्ष्मम्मा नावाच्या बाईंनी न्हाऊ घातलं. त्या रोज सकाळी नऊला यायच्या, बंब पेटवायच्या, न्हाणीत पाय पसरून बसायच्या. हात फार चांगला होता त्यांचा, यात शंका नाही. मी पलीकडच्या खोलीत, अजून फळीवरच. मधे एक भिंत. तांब्यातून पाणी पडल्याचा आवाज, तुझं रडणं, मग हळदीचा आणि ओव्याच्या धुरीचा वास. तू रडायचं कधी थांबतेस ते मी मोजायची. तीन महिन्यांची होऊन तू गेलीस. मी उभी राहून टाटा केला, पट्टा बांधून.

तुला मी एकदाही न्हाऊ घातलं नाही. हे तुला कुणी कधी सांगितलं नसेल, सांगण्यासारखं त्यात काय आहे? पण माझ्यापासून काहीतरी काढून घेतलं गेलं, ते सगळ्यांदेखत, आणि सगळे म्हणाले, ‘ठीक आहे.’ पहिली मी म्हणाले.

तू गेल्यानंतर पद्माक्का मला मल्लेश्वरमला घेऊन गेल्या. दोन बस, त्याही बसायला जागा मिळेल अशा वेळी. चढणीचा रस्ता, आवारात चाफा, लाल सिमेंटचा हॉल. हॉलात दोऱ्या, उशा, लाकडी खुर्च्या. सरोजम्मा बुटक्या, जाड चष्म्याच्या. कॉटनची साडी वर खोचलेली. त्या दवाखान्यातल्या साध्या इंग्रजीत माझ्याशी बोलल्या. कुठे दुखतं ते नंतर. पहिला प्रश्न वेगळाच होता: “तुम्हाला काय करता यायला हवं आहे?”

माझ्या यादीत इतके रकाने होते, त्यात हा नव्हता.

“बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं आहे,” मी म्हटलं. “बाळ आता नाही. पण घालायचं आहे.”

त्या हसल्या नाहीत. “मग त्यासाठीच बसू,” म्हणाल्या. आणि त्या दिवशी बसवलंच नाही. पाठीवर निजवून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायला लावल्या आणि म्हणाल्या, “श्वास कुठपर्यंत जातो ते फक्त बघा.” एक तास मी छत बघत होते. पण या वेळी ते छत मी निवडलेलं होतं.

त्यांचा हात अंगाला लागण्याआधी प्रश्न यायचा. “इथे धरू?” आणि दर थोड्या वेळाने, “कसं आहे?” जुन्या सवयीने मी पहिल्यांदा म्हटलं, “ठीक आहे, मॅडम.” त्या अशा रागावल्या की दहाही बायका थांबल्या. “ठीक आहे हे उत्तर इथे चालत नाही. कुठे, किती, कसं, ते सांगा. मला तुमच्या आत दिसत नाही.” चौपन्नाव्या वर्षी मी ते शिकायला लागले. डावीकडे ओढ आहे. आता जास्त झालं. थांबा. हे ‘थांबा’ म्हणायला मला चार महिने लागले. कोणतंही आसन मला इतकं अवघड गेलं नाही.

वर्ष गेलं, दुसरी अवरेकाई आली, गेली. आधी भिंतीला टेकून बसले, मग घडी घातलेल्या दोन पांघरुणांवर, मग एकावर. तिसऱ्या वर्षी घरी दार लावून, नाही, दार उघडं ठेवून, मी नडग्यांवर तांदळाची पिशवी घेतली. वीस मिनिटं. आजोबा पेपर खाली करून बघत होते. “काय चाललंय?” म्हणाले.

“तांदूळ निजवलेत.”

त्याच वर्षी, ओंकार, तू आलास. बाराव्या दिवसापासून तू माझा. कमरेखाली एक पांघरूण, पाठ सरळ, पाय लांब. तू रागीट होतास, मुठी वळून रडायचास, पाणी पाठीवर पडलं की एकदम गप्प व्हायचास. मीही.

आणि पहिल्याच दिवशी, सई, तू न्हाणीच्या दारात उभी होतीस. तीन वर्षांची, फ्रॉक काखेत गोळा केलेला. मी ओंकारला तुझ्या आईच्या हातात दिलं आणि तू ओरडलीस, “मी पण! मला पण पायांवर!” तुझी आई म्हणाली, “वेडी का, तू मोठी आहेस आता. आजीची कंबर दुखते.” तू आणखी जोरात ओरडलीस. मागच्या गल्लीत पद्माक्कांना ऐकू गेलं, त्यांनी नंतर सांगितलं.

मी म्हटलं, “ये.”

तू मावत नव्हतीस. तुझे गुडघे माझ्या पोटाशी दुमडले होते आणि डोकं माझ्या पावलांवर कसंबसं टेकलं होतं. मी पावलं जुळवून उशी केली. साय लावली, डाळीचं पीठ लावलं, पाणी घातलं. मग तुला पालथी केली. तुझी ती एवढीशी पाठ, मधून मण्यांची ओळ. मी तिच्यावर हात ठेवण्याआधी विचारलं, “इथे चोळू?” तू म्हणालीस, “हळू.” मी हळू चोळलं. आणि खरं लिहायचं तर त्या क्षणी मला समाधान वाटलं नाही, सरपोतदार सरांचा संताप आला. तीन वर्षांचा साठलेला, कडत. अजून येतो. मी तो जपून ठेवला आहे. तो मला सरळ बसायला उपयोगी पडतो.

तर तुझी यादी. सातांपैकी कुठला, ते मी सांगणार नाही. प्रमाणपत्रं बघ, अंतर बघ, तारेही बघ हवे तर. पण पहिल्या दिवशी तुला काय करता यायला हवं आहे हे जो विचारत नाही, तिथून सतरंजी गुंडाळून नीघ. तो आपला असला तरी, आणि आपला असला तर आधी. आणि कुणी न विचारता तुझ्या पाठीवर हात ठेवला, तर ‘ठीक आहे’ म्हणू नकोस. ओरड. तुला येतं. मागच्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं होतं.